कच्ची वही, पक्की वही

बँकेतल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकच विद्या नीट शिकलो. इन्स्पेक्टर आला की त्याला लिहायला काही मिळता कामा नये. शाखेतला पंखा डोक्यावर पडेल इतका डुगडुगत असेल, तर इन्स्पेक्शनच्या दिवशी तो बंद ठेवायचा आणि म्हणायचं, "साहेब, आज हवा काय छान सुटलीय." रजिस्टरं आदल्या आठवड्यात बसून फेअर करायची. खाडाखोड, शाईचे डाग, कोणाच्या चहाचे गोल, सगळं कच्च्या वहीत राहायचं आणि साहेबांपुढे जायची ती पक्की वही. तिच्यावर "शेरा नाही" असं लिहून साहेब जेवायला जायचे. या विद्येवर मी तीन बढत्या मिळवल्या आणि याच विद्येनं निवृत्तीनंतर बायकोच्या उपचारांची माती करत आणली.

आम्ही मूळचे मिरजेचे. शेवटची बदली जयपूरला झाली आणि इथेच राहिलो. बायको केंद्र सरकारच्या शाळेत गणित शिकवायची, मुलीला इथेच नोकरी लागली आणि मला परत सामान बांधण्याचा कंटाळा आला. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच झालेले आहेत.

बायकोच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही त्याबद्दल बोलायचंही सोडून दिलं होतं. मग तो लिव्हरमध्ये उगवला. सलाईनमधून दिलेली औषधं काही काळ चालली, मग त्यांचाही दम संपला. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या डॉक्टरबाईंनी, ज्या माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील, टेबलावर दोन गोळ्यांची पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि सांगितलं की आता या दोन्ही बरोबर घ्यायच्या. एक केमोचीच, पण पोटातून घ्यायची. भराभर वाढणाऱ्या पेशींना ती झोडपते, त्यात काही निरपराधही सापडतात. दुसरी नेमका वेध घेणारी. या जातीच्या कॅन्सरच्या पेशींच्या दारावर जरुरीपेक्षा जास्त घंट्या असतात, त्या सारख्या वाजून पेशीला "वाढ, वाढ" सांगत राहतात. ही गोळी त्या घंट्यांची तार कापते.

"दोघी मिळून काम चांगलं करतात," डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या, "पण सांभाळावं लागतं. मी तुम्हाला महिन्यात एकदा बघणार. रोज कोण बघणार?"

मी हात वर केला. वर्गात पहिल्या बाकावरच्या पोरासारखा.

घरी येईपर्यंत बायकोनं रिक्षातच दोन्ही गोळ्यांची बारशी उरकली. केमोवाली मारकुटी आणि दुसरी नेमकी. मारकुटी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, चार-चार. चौदा दिवस घ्यायची, मग सात दिवस सुट्टी, अशी एक फेरी. नेमकी रोज सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या तासभर आधी, सुट्टी नाही. मी त्याचं वेळापत्रक चार रंगांत काढून फ्रिजवर चिकटवलं. मुलगी ऑफिसला जाताना ते बघून म्हणाली, "बाबा, मतलब आता आईला भूक लागायला पण तुमची परमिशन?"

डॉक्टरबाईंच्या नर्सनं एक छापील वहीही दिली होती. रोज एक ओळ भरायची: जेवण, ताप, जुलाब, हात-पाय. हात-पायांचा रकाना खास मारकुटीसाठी होता. त्या गोळीनं तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, साल जाते. "जसं असेल तसंच लिहा हं अंकलजी," नर्स म्हणाली. मी जरा दुखावलोच. छत्तीस वर्षं रजिस्टरं भरलेल्या माणसाला ही शिकवणार!

आता कबुली. घरी आल्याबरोबर मी एक दुसरी वही काढली. शंभरपानी, जाड पुठ्ठ्याची. हिच्यात कच्चं लिहायचं आणि ओपीडीच्या आदल्या दिवशी छापील वहीत सुवाच्य उतरवायचं, हा माझा बेत. यात लबाडीचा विचार नव्हता. मला छापील वहीत खाडाखोड सहन होत नाही, एवढंच. पण उतरवताना हात आपोआप सवयीवर जातो. "तीनदा जुलाब, चौथ्यांदा शंका" याचं पक्क्या वहीत "साधारण" झालं. "तळहात गुलाबी" याचं "ठीक". पहिल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "व्हेरी गुड." मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या फेरीत हात खरोखर बिघडले. तळहात आधी गुलाबी, मग लाल झाले, मग बोटांच्या टोकांची कातडी कागदासारखी पातळ झाली. बायको सुती हातमोजे घालून वावरायला लागली. मी क्रीम आणलं, ते लावायच्या वेळा वेळापत्रकात पाचव्या रंगानं घातल्या आणि एका संध्याकाळी कच्ची वही उघडली, तर ती समोर येऊन बसली.

"काय लिहिताय?"

"हात लाल. साल जातेय."

"बाईंना दाखवू नका ते."

"अगं, पण—"

"मात्रा कमी करतील अहो. किंवा बंदच करतील. आता कुठे दोघींची जोडी जमलीय. हात काय, हात होतील बरे." मग वर्गातल्या आवाजात, "स्कॅन होऊ दे. स्कॅनमध्ये गाठी कमी दिसल्या की मग सांगा काय सांगायचं ते."

मला तिला सांगता आलं असतं की हे चूक आहे. पण मला स्वतःलाच भीती वाटत होती, आणि गोष्ट कशी सांगितली असता ती बरी दिसते, हे तर माझं आयुष्यभराचं काम. मी पक्क्या वहीत लिहिलं: "हात-पाय: ठीक." सुवाच्य अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून.

त्याच आठवड्यात करवा चौथ होती. आमच्या घरी ती नसते, पण राजा पार्कातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी प्रत्येक घरातून मेंदीचा वास येतो. शेजारच्या भाभी चाळणी मागायला आल्या. त्यांची चाळणी आयत्या वेळी सापडत नव्हती आणि नवऱ्याला चाळणीतून बघितल्याशिवाय त्यांना पाणी पिता येणार नव्हतं. बायकोनं हातमोजे काढून ठेवले होते. भाभींनी तिचे तळहात पाहिले आणि टाळीच वाजवली.

"अरे वाह भाभीजी, इस बार आपने भी लगवाई! और रंग तो देखो! भाईसाहब बहुत प्यार करते होंगे।"

मेंदी जितकी गडद तितकं नवऱ्याचं प्रेम, असं इकडे मानतात. बायकोनं माझ्याकडे बघत शांतपणे उत्तर दिलं, "हां जी. सुबह-शाम अपने हाथ से देते हैं।"

भाभी लाजून चाळणी घेऊन गेल्या. दार लागल्यावर आम्ही दोघं हसलो. ती आधी थांबली, मी जरा उशिरा.

नोव्हेंबर आला. तिच्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत असल्याची खात्री सरकार मशीनवर अंगठा टेकवायला लावून करून घेतं. मी तिला मुद्दाम माझ्याच जुन्या शाखेत नेलं. तिथे मी दोन वर्षं मॅनेजर होतो. दारावरच्या गार्डनं मला ओळखलं नाही. त्याला नवीन लावलेलं दिसतंय, असं मी बायकोला सांगितलं. गार्डला मिशा पांढऱ्या होत्या.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. आमच्या मागे आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या नोव्हेंबरचं ऊन पाठीवर घेत दारापर्यंत उभे. बायकोनं हातमोजा काढून अंगठा काचेवर ठेवला. मशीननं लाल दिवा लावला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. दुसरा अंगठा. मग एकेक करत दहा बोटं.

"नहीं आ रहा, आंटीजी।"

माझ्यातला मॅनेजर जागा झाला. "काच साफ करा," मी म्हणालो. रुमाल काढून मीच पुसली. "मशीन जुनं असणार." मग सिद्ध करण्यासाठी मी माझा अंगठा ठेवला. मशीन माझ्या माहितीच्या शोधात नव्हतं, तरी त्याला माझ्या अंगठ्यावरच्या रेषा लख्ख दिसल्या. पडद्यावर त्या सगळ्या उमटल्या, शेताच्या नांगरटीसारख्या. बायकोचा अंगठा पुन्हा ठेवला, तर पडद्यावर नुसता करडा ठिपका. एकही रेघ नाही.

मागचे एक सरदारजी म्हणाले, "ओ जी, मशीन कह रही है आप हो ही नहीं!" सगळी रांग हसली. बायकोही.

मला हसू येईना. मला एकदम सांगानेरचा एक म्हातारा आठवला. कापडावर ठसे छापून छापून त्याचा अंगठा गुळगुळीत झालेला. माझ्या केबिनमध्ये उभा होता आणि मी त्याला म्हणालो होतो, "बाबा, उद्या या, हात स्वच्छ धुऊन." तो उद्या आला होता, परवाही आला होता. त्याचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नाही.

"सही चालेल ना?" मी त्या मुलीला विचारलं. "ही कागदावर करून देते."

मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. बायकोनं पेन उचललं. थर्मामीटर धरावा तसं दोन बोटांच्या बाजूंनी. तिनं टोक कागदाला टेकवलं, नावाचं पहिलं अक्षर अर्ध्यावर आलं आणि पेन सुटून काउंटरच्या पलीकडे पडलं. फळ्यावर कंपास न वापरता गोल वर्तुळ काढणारी बाई ही. सगळी शाळा ते वर्तुळ बघायला यायची.

मुलीनं पेन उचललं, पण परत दिलं नाही. तिनं काचेखालून हात घालून बायकोची बोटं हलकेच धरली.

"आंटीजी, ये मेहंदी तो नहीं है न?"

"नहीं बेटा. दवाई है।"

"डॉक्टर को दिखाया?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाकडे. तिच्या दोन बोटांवरची साल सुटून आतलं लालभडक दिसत होतं आणि पिशवीतल्या पक्क्या वहीत मी त्याच हातांना "ठीक" लिहिलेलं होतं.

"अंगठा जाऊ दे, चेहऱ्यानं होतं," मुलगी म्हणाली. तिनं मोबाइल बायकोसमोर धरला. त्यात चेहरा गोलात आणून डोळे मिचकवायचे असतात, म्हणजे समोर फोटो नसून माणूस आहे, हे कळतं. बायकोनं डोळे मिचकवले. हिरवं झालं. रांगेतल्या सरदारजींनी "बधाई हो!" म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, "चला. सरकारच्या मते आहे मी अजून."

"नर्सला फोन करतोय," मी म्हणालो.

"अहो, स्कॅन तीन आठवड्यांवर आलाय."

"तुला पेन धरता येत नाहीये."

"तुम्हाला कुठे फोन धरता येतोय." खरंच, मी फोन उलटा धरला होता. तिनंच नंबर लावून दिला.

नर्सनं त्याच दुपारी बोलावलं. जाताना मी छापील वही घरी ठेवली आणि शंभरपानी बरोबर घेतली. इन्स्पेक्टरसमोर कच्ची वही घेऊन जायची माझी ही पहिलीच वेळ. डॉक्टरबाईंनी बायकोचे तळहात उलटसुलट बघितले, तळपाय बघितले, मग हात पुढे केला. मी वही दिली. ती मराठीत आहे, हे मला तेव्हा आठवलं. पण देवनागरी वाचणारं माणूस थांबत नाही. बाई मोठ्यानं, अडखळत वाचायला लागल्या.

"'आज पाच-दा जु-लाब. हिने मुलीला तीन सांगितले.' ये तो समझ गई." पान उलटलं. "'साल जातेय. रात्री हात पाण्यात ठेवून बसली. मला झोप लागलीय असं दाखवलं मी.'" आणखी एक पान. "'पोळ्या लाट-ताना रडली. मी दारातून परत फिरलो.' पोळ्या मतलब?"

"रोटी," मी म्हणालो.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मला दिसत नाही. माणसाला दिसत असतं. फेअर करताना ते गळतं.

मग मी सगळं सांगितलं. पक्की वही, दुहेरी रेघ, सगळं. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"सर, मी 'ठीक' वाचून पूर्ण डोस चालू ठेवला. मला काय माहीत? पहिल्या महिन्यात कळलं असतं तर इथवर आलंच नसतं." मग बायकोला, "मारकुटी आजपासून बंद." आमची नावं त्यांनाही ठाऊक होती. "हात बरे होईपर्यंत. नेमकी चालू. नंतर मारकुटी परत सुरू करू, चारच्या जागी तीन."

ज्याची भीती होती तेच. "पंचवीस टक्के कपात," आमच्या घरच्या गणिताच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे परिणामही तितकाच कमी?"

"मॅडम, ते तुमचं गणित. माझ्या गणितात, जी गोळी तुम्ही घेऊ शकत नाही तिचा परिणाम शून्य. मला हे औषध तुम्हाला खूप दिवस द्यायचंय. म्हणून कमी करतेय. हार मानून नाही."

बायकोनं हिशोब मनात पुन्हा मांडला. मग म्हणाली, "बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं."

घरी मुलीनं दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या. "बाबा, तुमच्या चांगल्या हँडरायटिंगमध्ये आई किती हेल्दी असते!" असं म्हणून ती खोलीत गेली आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. तिचं बरोबर होतं.

पुढचे दिवस स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. माझ्या पोळ्यांना कडा असायच्या, पण गोलाईचा काही संबंध नसायचा. बायको खुर्चीवर बसून निदान सांगायची. "ही ओरिसा. ही तामिळनाडू, खालून करपलेली." अडीच आठवड्यांनी तिच्या बोटांवर नवी कातडी धरली. मारकुटी परत आली, तीन-तीन.

त्यानंतर लगेच स्कॅन आला. निकालाच्या दिवशी मी इतका घाबरलो होतो, की गाडी दवाखान्यात लावायच्या ऐवजी थेट शहराबाहेर चौमूंच्या रस्त्याला लागलो. बराच पुढे गेल्यावर बायको म्हणाली, "सीकरला जेवायचा बेत आहे का?" आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर जुना आणि नवा फोटो शेजारी लावले. लिव्हरमधल्या गाठी गेल्या नव्हत्या. पण मोठी होती ती निम्म्यावर आली होती, आणि दोन लहान होत्या त्या बाईंना बोटानं दाखवाव्या लागल्या. नवीन कुठेही काही नाही. "जोडी काम करतेय," बाई म्हणाल्या. "हीच चालू ठेवू. जितके दिवस चालेल तितके दिवस. आणि वही?"

बायकोनं पर्समधून शंभरपानी काढली. छापील आता आम्ही वापरतच नाही. शंभरपानीसुद्धा आता तीच भरते, कारण माझ्यावर कुणाचा विश्वास उरलेला नाही. तिचं अक्षर अजून वाकडं येतं, खाडाखोड भरपूर, एका पानावर वरणाचा डाग. मारकुटी बंद होती तेव्हा प्रत्येक आठवड्याच्या शेवटी तिनं माझ्या जुन्या स्टॅम्प पॅडवर अंगठा टेकवून समासात उमटवलाय. पहिला ठसा म्हणजे जांभळा डाग. दुसऱ्यात, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं तर, काठाला तीन-चार रेषा आहेत.

बाईंनी वही डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितलं. मग त्या आतल्या ओळी वाचायला लागल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"'हात: बरे, भेगा दोन. जुलाब: एक. नवरा: पोळ्या अजून त्याच, पण खरं बोलतो.' ये कॉलम हमने छापा था क्या?"

"नाही," बायको म्हणाली. "तो मी वाढवलाय."

बाईंनी खाली तारीख टाकली, सही केली आणि वही परत दिली. शेरा काही लिहिला नाही. मी दोनदा उलटून पाहिलं.